रत्नागिरीत एक हिरवट दिवा दिसला, आणि आता सोलापुरातले जुने दिवे शोधतोय

बाळीवेसकर | रविवार, रात्री ९.४०

मे महिन्यात चार दिवस रत्नागिरीला बहिणीकडे होतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो की आपल्या सोलापूरकराला हवाच वेगळी लागते. एका संध्याकाळी भाचीला घेऊन मांडवीच्या जेट्टीवर गेलो. अंधार पडायला आपल्याकडच्यापेक्षा दहा मिनिटं उशीर होतो तिथे, सोलापूर पूर्वेला असल्यामुळे. परतताना बंदराकडून वर चढणाऱ्या एका अरुंद गल्लीत शिरलो. गल्लीभर पांढरे एलईडी आणि मधोमध एकच दिवा निळसर हिरवा. भाची म्हणाली, "मामा, हा दिवा आजारी आहे का?"

मी थांबून नीट पाहिलं. मर्क्युरीचा, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. वरचं ॲल्युमिनियमचं झाकण खाऱ्या वाऱ्याने पांढरी भुकटी धरलेलं. खालची काच वाटीसारखी, आणि तिच्या तळाशी मेलेल्या किड्यांचा थर, पार एक तृतीयांश वाटी भरलेली. आत अंड्याच्या आकाराचा दुधी बल्ब. खांबाचा पाया जमिनीलगत गंजून पापुद्रे सुटलेले, आणि त्याला कोणीतरी सिमेंटचा कट्टा घालून धीर दिलेला. त्या उजेडात भाचीचा लाल फ्रॉक तपकिरी दिसत होता आणि कुंपणावरची जास्वंदीची पानं मात्र हिरवीगार. लहानपणी आमच्या बाळीवेसेत रात्री पानं अशीच दिसायची. चाळीस वर्षं ते मला आठवलंच नव्हतं.

सोलापूरला परतल्यावर पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर गल्लीत जाऊन मान वर केली. रोजचीच गल्ली, पण दिव्यांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता वही केली आहे. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यातले सहा दिवे पेटतात, बाकीचे नुसते सांगाडे आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे दिवे निघून चाललेत, आणि ते निघणं बरोबरही असेल. पण कुठल्या पेठेत, कुठल्या खांबावर, कसला दिवा होता हे लिहून ठेवणारं कोणी नाही. वाड्यांचे फोटो निघतात, वेशींचे निघतात, जुन्या मिलच्या भोंग्याबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. ज्या उजेडात हे सगळं रोज रात्री दिसलं, त्याची नोंद कुठेच नाही.

सुरुवात दिवसा करा आणि आधी खांब बघा. दिवा चार वेळा बदललेला असतो, खांब तोच असतो. आपल्या जुन्या भागात रुळाचे खांब भरपूर आहेत, म्हणजे रेल्वेचा जुना रूळ सरळ उभा पुरलेला. लोखंडी गर्डरचे आहेत. खाली जाड आणि वर दोन टप्प्यांत बारीक होत जाणारे नळीचे आहेत. मग सिमेंटचे आले, आणि आता रस्ता रुंद झाला की जस्ताचा मुलामा दिलेले आठकोनी. खांबावर अक्षरं असली तर सोडू नका. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची आणि महानगरपालिका झाली १ मे १९६४ ला. म्हणजे पत्र्यावर 'न. पा.' दिसलं तर तो पत्रा साठ वर्षांहून जुना. 'म. रा. वि. मं.' दिसलं तर १९६० ते २००५ मधला, कारण महाराष्ट्र राज्य वीज मंडळ त्याच काळात होतं, पुढे महावितरण झालं.

तुमच्या भागात काय आहे ते सांगा. पेठ आणि साधारण जागा पुरे, कोणाच्या घराचा पत्ता नको. आणि कृपा करून खांबाला हात लावू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

चटणीभाकरी | रविवार, रात्री १०.०५

माझ्याकडून एक घ्या. साखर पेठेत मामाच्या वाड्याच्या कोपऱ्यावर भिंतीतून आलेली लोखंडी दांडी आहे, हंसाच्या मानेसारखी वळलेली. टोकाला पांढऱ्या इनॅमलची शेड, घमेलं पालथं घालावं तशी. बल्ब नाही, होल्डरमध्ये चिमणीने काड्या भरल्यात. मामा म्हणतो तो शाळेत असताना त्यात साधा पिवळा बल्ब असायचा आणि पोरं बेचकीने फोडायची.

बाळीवेसकर | रविवार, रात्री १०.१८

बारावी नोंद! शेडची कड निळी आहे का बघाल? आणि मामांना विचारा, तो बल्ब जाऊन ट्यूब कधी आली. नक्की साल नको, "मी सातवीत असताना" एवढं सांगितलं तरी चालेल.

निवृत्त_वायरमन | सोमवार, सकाळी ६.५०

नमस्कार. मी या शहरात बत्तीस वर्षं खांबावर चढलो. हा धागा मुलाने दाखवला, तोच टाईप करूलालाय, मी सांगूलालो.

आधी तारा बघायला शिका. खांबावर एकाखाली एक पाच तारा दिसतील. तीन फेज, एक न्यूट्रल, आणि पाचवी रस्त्याच्या दिव्यांची. घरांना फेजमधून लाईट जाते, दिव्यांना त्या पाचव्या तारेतून. म्हणून घराघरात लाईट असताना रस्ता अंधारात राहू शकतो. डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, एक पेटी असायची, त्यातला स्विच टाकला की अख्ख्या पेठेचे दिवे लागायचे. टायमर नव्हता तेव्हा तो स्विच माणूस टाकायचा. जूनमध्ये सातच्या पुढे टाकायचा, नोव्हेंबर संपताना पावणेसहाला. आम्ही पंचांगातला सूर्यास्त बघून निघायचो. आता नवीन ठिकाणी तारांऐवजी काळी गुंडाळलेली केबल आहे, त्यात पाचवी तार वेगळी दिसत नाही. तुमच्या वहीत तारेची पण नोंद घ्या.

बिघाड आम्ही खालूनच ओळखायचो. ट्यूबची दोन्ही टोकं काळी पडली आणि ती नुसती फडफडायला लागली की ट्यूब संपली. टोकं लाल राहून मध्ये पेटत नसेल तर स्टार्टर अडकला. सोडियमचा पिवळा दिवा पेटतो, भरात येतो, विझतो, पाच मिनिटांनी परत पेटतो, असं रात्रभर करत असेल तर बल्ब म्हातारा झाला. त्याला चालू राहायला जास्त व्होल्टेज लागतं, ते चोक, म्हणजे दिव्याच्या आधी बसवलेली प्रवाह आवरणारी गुंडाळी, देऊ शकत नाही, मग तो विझतो. गार झाला की परत पेटतो. लोक तक्रार करायचे की कनेक्शन ढिलं आहे. कनेक्शन ठीक असायचं. मर्क्युरीचं वेगळं. तो मरत नाही, नुसता मंद होत जातो. वर्षानुवर्षं जळतो आणि खाली उजेड पडत नाही. म्हणून कोणी तक्रारच करत नाही. तुमच्या रत्नागिरीच्या गल्लीत तो त्यामुळेच राहिला असणार.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी आठ दिवस आम्हाला घर माहीत नसायचं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरचा एकही दिवा बंद दिसता कामा नये, असं मुकादम सांगायचा, पण सांगायची गरज नव्हती. शिडी बांबूची, दोघांनी धरायची. अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी एकदाही सोहळा बघितला नाही, मी डीपीपाशी उभा असायचो. तरी वाटायचं की आपणही सेवाच करतोय.

चोकस्टार्टर | सोमवार, दुपारी १.३०

काका, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवलाय. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवते आणि हे तीन परिच्छेद पुस्तकात इतके सरळ सापडत नाहीत.

दिवा ओळखायची घरगुती युक्ती सांगते. घरात जुनी सीडी असेल तर ती घ्या. जरा अंधाऱ्या जागी, दिव्यापासून लांब उभे राहा आणि सीडीची चकचकीत बाजू तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब बघा. प्रतिबिंबाच्या बाजूला रंगांचा पट्टा दिसेल, तोच पट्टा दिव्याची जात सांगतो.

एलईडी असेल तर पट्टा सलग येतो, निळा ठळक, मग जरा फिका भाग, मग हिरवा, पिवळा, लाल. मर्क्युरी असेल तर पट्टा तुटक दिसतो: एक जांभळा ठिपका, एक हिरवा, एक पिवळा, प्रत्येक वेगळा. ट्यूबमध्येही पाराच असल्यामुळे त्याच रेषा थोड्या पसरून दिसतात. सोडियमचा सगळ्यांत देखणा. पिवळा-नारिंगी भाग भरगच्च, आणि बरोब्बर जिथे सोडियमचा रंग असायला हवा तिथेच काळी फट. कारण आतल्या गरम वायूचा उजेड बाहेरच्या थंड सोडियमच्या वाफेतून येतो आणि ती वाफ आपलाच रंग गिळून टाकते. सूर्याच्या वर्णपटात सोडियमची काळी रेषा दिसते ती अशाच शोषणाने. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे होटगी रोडवर उभं करून दाखवलं होतं, तेव्हा तिथे सोडियम होते.

सोडियममध्ये दोन जाती आहेत. आपल्याकडे सर्रास होता तो उच्च दाबाचा, सोनेरी. दुसरा कमी दाबाचा, त्यात लांब काचेची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली असते. पेटताना तो आधी गुलाबी-लाल होतो, निऑनमुळे, आणि मग शुद्ध पिवळा. सीडीत एकच पिवळी रेघ, बाकी काही नाही. असा कोणाला दिसला तर ताबडतोब इथे लिहा, रात्री बारा वाजले असले तरी.

आकडे ज्यांना हवेत त्यांच्यासाठी: साधा बल्ब एका वॉटला १२ ते १५ ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, मर्क्युरी ५० च्या आसपास, उच्च दाबाचा सोडियम साधारण १००, कमी दाबाचा १८० पर्यंत. म्हणूनच मर्क्युरी काढून सोडियम आले. आणि ४० वॉटची ट्यूब खरं तर ५० वॉट खायची, कारण चोक वर दहा-बारा वॉट गरम होण्यात घालवायचा.

एक कळकळीची सूचना. काढलेले बल्ब घरी आणू नका. मर्क्युरीच्या बल्बात, ट्यूबमध्ये आणि सोडियममध्येही पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडा आणि झाडूने उडवू नका.

पूर्वभाग | सोमवार, रात्री ८.१५

रंगांचं निघालं म्हणून लिहिते. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू. आमची अम्मा बिड्या वळायची. दिवसाला हजार बिड्यांचा हिशेब कारखान्यात द्यायचा असायचा, आणि स्वयंपाकपाणी, पाणी भरणं यात दिवस गेला की उरलेल्या बिड्या रात्री. घरात एकच बल्ब, तिथे आम्ही अभ्यासाला बसायचो. म्हणून अम्मा आणि शेजारच्या तिघी जणी सूप मांडीवर घेऊन बाहेर खांबाखाली ओट्यावर बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा साचा आणि कात्री.

खांबावर तेव्हा पांढरा दिवा होता, आता वाचून कळलं की तो मर्क्युरीचा. पुढे एके दिवशी तो काढून पिवळा बसवला. उजेड दुप्पट झाला, सगळी गल्ली खूश. अम्मा मात्र आत येऊन म्हणाली, "पान दिसत नाही." आम्हाला कळेना, एवढा उजेड आणि दिसत नाही कसं. तिने पान धरून दाखवलं. पांढऱ्या उजेडात तेंदूच्या पानाची शीर, भोक, सुकलेला डाग वेगळा कळायचा. पिवळ्यात सगळं एकाच रंगाचं तपकिरी. खराब पान बिडीत गेलं की कारखान्यात तपासणीला ती बिडी बाद होते आणि पैसे कापले जातात. त्या आठवड्यात तिच्या बऱ्याच बिड्या बाद झाल्या. मग ती बोटाने पान चाचपून बघायला शिकली.

शेजारचे मामा चादरीच्या मागावर होते. ते म्हणायचे की पिवळ्या दिव्याखाली सूत कधी निवडायचं नाही, निळं काळं दिसतं आणि लाल चॉकलेटी. सुताची कांडी घेऊन ते चहाच्या टपरीच्या ट्यूबखाली जायचे.

बाळीवेसकर दादा, हे तुमच्या वहीत बसतं का माहीत नाही. खांब अजून आहे. वर आता एलईडी आहे.

बाळीवेसकर | सोमवार, रात्री ८.५०

ताई, बसतं म्हणजे काय, वहीत मी आता एक नवा रकाना आखलाय: "खाली कोण बसायचं." तुमचा खांब तेरावी नोंद. खांब कसला आहे तेवढं सांगा.

पूर्वभाग | सोमवार, रात्री ९.०२

रुळाचा. अम्मा त्याला पाठ टेकायची तिथे रंग उडून लोखंड गुळगुळीत झालंय, अजून.

भाट्येकर | मंगळवार, सकाळी ११.२०

रत्नागिरीहून. धाग्याची सुरुवात आमच्या गल्लीपासून झाली म्हणून राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय तो दिवा मला माहीत आहे. अजून लागतो.

समुद्राकाठी दिवा कसा मरतो ते सांगतो, कारण तुमच्याकडे तो वेगळा मरत असणार. आमच्याकडे बल्ब जाण्याआधी पत्रा जातो. खारी हवा स्क्रू खाते, मग झाकण नीट बसत नाही, त्यातून पाणी आणि किडे आत. नळीचा खांब वरून धडधाकट दिसतो आणि जमिनीपासून चार बोटं वर पोखरलेला असतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही लागतात. बिडाचे जुने खांब त्या मानाने टिकतात, वरवर गंजतात पण आत सहज शिरत नाही. तुमच्याकडच्यासारखा रुळाचा खांबही किनाऱ्यावर बरा टिकतो, तो मुळात एवढा जाड असतो की गंजायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट उजेडाच्या रंगाची. आमच्या जिल्ह्यात वेळासला कासवांची पिल्लं निघतात, फेब्रुवारी-मार्चपासून. वाळूतून बाहेर आलं की पिल्लू जिकडे क्षितिज उजळ तिकडे जातं, आणि रात्री उजळ बाजू समुद्राची असते. किनाऱ्यामागे लखलखीत पांढरे दिवे लागले तर ती उलटी गावाकडे चालायला लागतात. निळसर पांढऱ्या उजेडाकडे जास्त, पिवळ्या-लालसर उजेडाकडे कमी. त्यामुळे दिव्याचा रंग बदलणं म्हणजे नुसतं वीजबिल कमी करणं नव्हे.

जुळे_सोलापूर | मंगळवार, दुपारी ४.१०

सगळं वाचलं, मनापासून आवडलं. पण एक बाजू राहून जातेय ती मांडतो. माझी मुलगी संध्याकाळी क्लासहून विजापूर रोडने येते. जुने सोडियम होते तेव्हा दोन खांबांच्या मध्ये अंधाराचे खड्डे असायचे आणि चारांपैकी एक दिवा बंदच असायचा. पिवळ्या उजेडात समोरच्या गाडीचा रंगसुद्धा सांगता यायचा नाही, पोलिसांना वर्णन काय देणार? एलईडी आल्यापासून रस्ता सलग दिसतो. देशभर पथदिवे बदलायची मोहीम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आपलं शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसांत आलं. त्यानंतर आमच्या भागात जो फरक पडला तो मी बाप म्हणून रोज बघतो. जुन्या दिव्यांच्या प्रेमात पडून कोणी "हेच ठेवा" म्हणायला लागू नये.

बाळीवेसकर | मंगळवार, सायंकाळी ७.३०

तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मलाही मुलगी आहे. दिवा तसाच ठेवा असं मी कुठेच मागत नाही. तो काढायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याकडे बघा आणि चार ओळी लिहा, एवढंच मागतोय.

पण नवा दिवा कसला असावा यावर बोलायला हवं, आणि त्यासाठीही जुना कसा होता ते माहीत असावं लागतं. मुंबईत मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये सोडियम काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला. शेवटी पिवळसर छटेचे लावावे लागले. समुद्रावरून दिसणारी ती सोनेरी माळ लोकांना त्या रंगाचीच ओळखीची होती. पूर्वभाग ताईंच्या आईला पांढरा हवा होता, भाट्येकरांच्या कासवांना पिवळा. एका रंगाने सगळ्यांचं भागणार नाही, आणि हे ठरवताना खांबाखाली कोण बसतं हे कोणीतरी विचारलं पाहिजे.

आता एक शोध सांगतो. आमच्या कोपऱ्यावरच्या रुळाच्या खांबावर, छातीच्या उंचीला, रंगाच्या थरांखाली उठाव जाणवतो असं लांबून वाटत होतं. खांबाला हात लावायचा नाही हे मीच लिहिलंय, म्हणून एका ओळखीच्या वायरमनला विचारलं. हा खांब आता वापरात नाही, तारा काढलेल्या आहेत, हे त्याने तपासून सांगितल्यावरच पुढे झालो. पातळ कागद लावून त्यावर मेणाचा खडू आडवा घासला, लहानपणी नाण्यावर घासायचो तसा. हळूहळू अक्षरं वर आली. इंग्रजी मोठी अक्षरं, पहिली तीन रंगाने बुजलेली, मग एक आकडा १, मग ८ किंवा ९, पुढचे दोन वाचता येत नाहीत. आपल्याकडे रेल्वे १८६० मध्ये आली, तेव्हा १८ असेल तर... पुढचं लिहायचं धाडस होत नाही. पण कागद हातात धरून मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो.

चोकस्टार्टर | मंगळवार, रात्री ९.१५

अंगावर काटा आला वाचून! फक्त एक सांभाळा. रुळावर उठावात असतं ते कारखान्याचं नाव आणि रूळ ओतून लाटला गेला ते साल. तो रूळ आधी पंचवीस-तीस वर्षं गाडीखाली झिजला असेल, मग भंगारात निघाला असेल, आणि त्यानंतर खांब म्हणून उभा राहिला असेल. म्हणजे वहीत दोन रकाने करा: रूळ कधीचा आणि खांब कधीचा. दुसऱ्याचं उत्तर लोखंडावर मिळणार नाही, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे मिळेल.

रुळाचा माथा बघा. एका बाजूने जास्त झिजलेला असेल तर तो वळणावरचा रूळ होता.

बाळीवेसकर | मंगळवार, रात्री ९.४०

आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आलो. एका बाजूने झिजलेला आहे.

जुन्या_मिलजवळ | बुधवार, सकाळी ८.००

वडील जुन्या मिलमध्ये सूतखात्यात, कायम रात्रपाळी. १८७७ पासून चाललेली मिल बंद पडली तेव्हा आमच्या घरी आठ दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. पहाटे पाळी सुटली की माणसांचा लोंढा रस्त्यावर यायचा, सगळ्यांच्या डोक्यावर आणि भुवयांवर कापसाची पिंज. त्या हिरवट दिव्याखाली ती पिंज चमकायची आणि सगळे एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसायचे. मी दारात उभा राहून त्यातून वडील ओळखायचो, चालण्यावरून. तोंडावरून नाही ओळखता यायचं.

खांब नळीचा होता. रस्ता रुंद करताना गेला. नोंद घेता येत असेल तर घ्या.

बाळीवेसकर | बुधवार, सकाळी ८.२५

घेतली. चौदावी. "खाली कोण" या रकान्यात रात्रपाळी सुटलेली माणसं असं लिहिलंय.

निवृत्त_वायरमन | बुधवार, रात्री ७.४०

लाईट जाऊन आल्यावर कुठला दिवा आधी लागतो ते कोणीच लिहिलं नाही. पूर्वी एका चौकात तिन्ही जातीचे दिवे असायचे. क्षणभर झटका बसून लाईट परत आली की आधी ट्यूब, दोन-चार वेळा मिचमिचून. मग सोडियम, मिनिटभराने, कारण त्याला इग्नायटर असतो, तो काही हजार व्होल्टचे ठोके देऊन गरम बल्बसुद्धा लवकर पेटवतो. सगळ्यांत शेवटी मर्क्युरी. त्याला ठोका देणारं काही नसतं. बल्ब पुरता निवल्याशिवाय तो पेटतच नाही, आणि पेटल्यावरही भरात यायला चार-पाच मिनिटं. त्यामुळे चौक एकदम उजळायचा नाही, कोपऱ्या-कोपऱ्याने उजळायचा. पोरं पैज लावायची. आता बटण दाबल्यासारखे सगळे एकदम लागतात.

तुमच्या वहीत तिन्ही जाती जवळजवळ असलेली जागा असेल तर मला सांगा. मला एकदा परत बघायचं आहे.

बाळीवेसकर | शुक्रवार, रात्री ११.५०

काका, तशी जागा एकच सापडली, आमच्या पेठेच्या मागच्या बाजूला. देवळाच्या भिंतीवर ट्यूब, वळणावर एक सोडियम, आणि पडक्या वाड्यासमोर मर्क्युरी. आज संध्याकाळी काकांना मुलाने गाडीवर घेऊन आणलं. आम्ही नुसते दिवे बघत गप्पा मारत बसलो होतो, आणि साडेनऊच्या सुमारास वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली. क्षणभरच, लगेच आली.

मी घड्याळ लावलं. ट्यूब चौथ्या सेकंदाला लागली, दोनदा मिचमिचून. सोडियम एक मिनिट दहा सेकंदांनी, आधी फिकट, मग केशरी. मर्क्युरी काळाच. काका उभे राहिले, कमरेवर हात ठेवून वर बघत. शेजारच्या घरातून एक आजी बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून त्याही थांबल्या. चार मिनिटं झाली तरी काही नाही. काका म्हणाले, "निवतोय, थांबा." पाच मिनिटं वीस सेकंदांनी बल्बच्या मध्यभागी जांभळट ठिणगी दिसली, ती पसरली, आणि पुढची चार मिनिटं आम्ही तिघं तो हिरवट पांढरा होत जाताना बघत होतो. वाड्याच्या पायऱ्यांवर पिंपळाचं एक रोप उगवलंय, त्याची पानं एकेक करून दिसायला लागली.

आजींनी विचारलं, हा दिवा काढणार आहेत का. काका म्हणाले, काढतील. मग त्यांनी खांबावर रंगवलेला नंबर मला वाचून दाखवला आणि वहीत बरोबर उतरला की नाही ते टॉर्च धरून तपासलं.